रात्री बंद केलेली डिस्क सकाळी दिसेना: सीगेट बाराकुडा ७२००.११ चे प्रकरण

रात्री संगणक नीट बंद केला. सकाळी बटण दाबले तर पंखे फिरतात, डिस्क वेग घेत असल्याचा आवाज येतो, खडखड नाही की टकटक नाही. पण बायोसचा (विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचा) पहिला पडदा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ अडकून राहतो आणि मग 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर' एवढीच ओळ समोर येते. बायोसमध्ये शिरून पाहावे तर यादीत डिस्कचे नाव नाही. केबल बदलली, पोर्ट बदलला, दुसऱ्या मशीनला लावून पाहिली, तरी तेच.

२००८ च्या अखेरीस जगभरातल्या दुरुस्तीच्या टेबलांवर हीच तक्रार येऊ लागली आणि डिस्कही बहुतेक वेळा एकाच घराण्यातली असे: सीगेट बाराकुडा ७२००.११. डिसेंबर २००८ पर्यंत बनलेल्या या मालिकेतल्या अनेक डिस्कना फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या प्रोग्राममधल्या, एका दोषाची बाधा होती. डायमंडमॅक्स २२, सर्व्हरसाठीची बाराकुडा ईएस.२ आणि कॅमेरा रेकॉर्डिंगसाठीची एसव्ही३५ याही त्यात आल्या. इथे ५०० जीबीची डिस्क धरून पूर्ण प्रकरण मांडले आहे: मॉडेल एसटी३५००३२०एएस, आत २५० जीबीच्या दोन तबकड्या, ३२ एमबी कॅश, फर्मवेअर एसडी१५.

आधी दोष नेमका काय होता ते पाहू, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावरच ठरते.

डिस्कचे फर्मवेअर दोन ठिकाणी असते. थोडा भाग हिरव्या पीसीबीवरच्या (डिस्कखालच्या सर्किटच्या पाटीवरच्या) चिपमध्ये, आणि बराचसा तबकडीवरच्या एका राखीव पट्ट्यात, जिथे विंडोज किंवा लिनक्सला जाता येत नाही. याच राखीव पट्ट्यात डिस्क स्वतःची घडामोडींची नोंदवही ठेवते. नोंदवही गोलाकार: शेवटची ओळ भरली की पुन्हा पहिल्या ओळीवर यायचे. चूक झाली ती शेवटची ओळ ठरवताना, फक्त एकाने. वीज मिळाल्यावर डिस्क जागी होते त्या क्षणी नोंदींचा आकडा नेमका ३२० वर, किंवा त्यापुढे दर २५६ च्या टप्प्यावर (५७६, ८३२, असे) उभा असेल, तर दर्शक (पुढची नोंद कुठे लिहायची ते दाखवणारी खूण) नोंदवहीच्या बाहेर जातो. कारखान्यातल्या काही चाचणीयंत्रांनी राखीव पट्ट्यात एक विशिष्ट ठसा मागे सोडला होता. ज्या डिस्कवर तो ठसा होता त्यांनाच हे लागू. म्हणून एकाच खोक्यातल्या दोन डिस्कपैकी एक वर्षानुवर्षे चालली आणि दुसरी सहा महिन्यांत गेली.

दर्शक बाहेर गेल्याचे फर्मवेअरला कळते. राखीव भागात आणखी काही बिघडू नये म्हणून ते मुद्दाम तिथेच थांबते. थांबल्यामुळे नवी नोंद होत नाही, नोंद होत नाही म्हणून आकडा पुढे सरकत नाही, आणि पुढच्या वेळी वीज दिली की डिस्क पुन्हा त्याच आकड्यावर अडकते. 'दहा वेळा चालू-बंद करून बघ, एखाद्या वेळी लागेल' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे तो यामुळे. पीसीबी बदलूनही काही साधत नाही: अडकलेली नोंदवही तबकडीवर आहे. उलट पीसीबीवरच्या चिपमध्ये त्या एका डिस्कपुरती जुळणी साठवलेली असते, त्यामुळे पाटी नुसती उचलून दुसऱ्या डिस्कला लावली तर गुंता वाढतो.

दोष फक्त वीज मिळण्याच्या क्षणी उघडा पडतो, ही या प्रकरणातली कळीची गोष्ट. डिस्क चालू असताना आकडा ३२० ओलांडून गेला तर काही होत नाही. जागे होतानाचा आकडा टप्प्याच्या दृष्टीने कुठेही असू शकतो असे धरले, तर बाधित डिस्कसाठी प्रत्येक चालू करण्यात साधारण २५६ त एक धोका. म्हणजे २५६ वेळा चालू करूनही वाचण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. दिवसातून एकदा चालू होणाऱ्या मशीनला २५६ वेळा गाठायला साडेआठ महिने लागतात. त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन होते. वीज जाऊन-येऊन दिवसातून तीनदा चालू होणारे मशीन तोच आकडा ८५ दिवसांत गाठते. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, पण धोका कुठे साठत जातो ते त्यातून दिसते. नुसते रीस्टार्ट केल्यावर डिस्कची वीज तुटत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. स्लीपमध्ये मात्र डेस्कटॉपच्या डिस्कची वीज तुटते, म्हणून झोपवून उठवणे हे चालू करण्याइतकेच धोक्याचे.

आता दोन वाटा होतात. डिस्क अजून चालते आहे, की आधीच अडकली आहे? फर्मवेअर अपडेट फक्त पहिलीला उपयोगी पडते. अपडेटचा प्रोग्राम डिस्कला 'हे नवे फर्मवेअर घे' असा आदेश देतो. अडकलेली डिस्क कुठलाच आदेश घेत नाही. बंद पडलेली डिस्क घेऊन अपडेटची सीडी लावणारे तासन्‌तास 'ड्राइव्ह सापडत नाही' हाच संदेश वाचत बसत, आणि काहीजण चिडून तीच सीडी चालवता चालवता शेजारच्या निरोगी डिस्कवर चुकीचे फर्मवेअर चढवत. हे होऊ नये म्हणून हा फरक आधी ठरवायचा.

चालती डिस्क असेल तर ओळख पटवण्यापासून सुरुवात. लेबलवर मॉडेल, सिरीयल, पार्ट नंबर (५०० जीबीसाठी ९बीएक्स१५४ ने सुरू होणारा) आणि फर्मवेअर छापलेले असते. डबा उघडण्यासाठी मशीन बंद करू नका. बंद करणे म्हणजेच पुढचे चालू करणे. लिनक्समध्ये किंवा विंडोजमध्ये 'स्मार्टसीटीएल' हे साधन माहितीच्या पर्यायासह चालवले की मॉडेल आणि फर्मवेअर दोन्ही मिळतात. या मालिकेची जुनी फर्मवेअर दिसली तर हे साधन स्वतःच इशारा छापते.

नाव पटले की आधी बॅकअप. इथे घाई नको. दुसऱ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवर सगळा डेटा उतरवा आणि चार-पाच मोठ्या फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. मगच अपडेटचा विचार.

सीगेटने अपडेट आयएसओ फाइलच्या रूपात दिले; ती सीडीवर लिहायची आणि सीडीवरून संगणक सुरू करायचा. आत फ्रीडॉस, म्हणजे डॉससारखी छोटी प्रणाली, असते. ५०० जीबीसाठीची फाइल वेगळी आणि ७५० जीबी व १ टीबीसाठीची वेगळी. फाइलच्या नावातला '२डी' म्हणजे दोन तबकड्या, '३डी४डी' म्हणजे तीन किंवा चार. हा फरक किती महत्त्वाचा ते जानेवारी २००९ मध्ये दिसले. सीगेटने एसडी१ए या नव्या फर्मवेअरची पहिली आवृत्ती घाईने बाहेर काढली आणि ती चढवल्यावर ५०० जीबीच्या अनेक चांगल्या डिस्क बंद पडल्या. कंपनीने ती फाइल मागे घेतली, पुन्हा तपासली आणि सुधारून दिली. ज्यांनी पहिल्या दिवशी धाव घेतली त्यांचे नुकसान झाले आणि ज्यांनी आठवडाभर संगणक बंदच केला नाही ते वाचले. अपडेट आल्या दिवशी ते चढवू नये, बॅकअप घेऊन मशीन चालू ठेवून थोडे थांबावे, असे ठामपणे म्हणायला हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

सीडी चालवण्याआधी बायोसमध्ये सॅटाचा (डिस्क ज्या जोडणीने लागते तिचा) मोड एएचसीआय असेल तर तो आयडीई किंवा कम्पॅटिबल करावा लागतो, कारण डॉसमधला प्रोग्राम डिस्कशी त्याच वाटेने बोलतो. जुना मोड लक्षात ठेवू नका, कागदावर लिहा. का ते खाली येतेच. डिस्क मदरबोर्डच्या सॅटा पोर्टलाच लावलेली हवी. यूएसबी केसमध्ये किंवा वेगळ्या पीसीआय कार्डावर असेल तर बहुतेक वेळा आदेश तिच्यापर्यंत पोचतच नाही. यूपीएस हवाच; लिहिताना वीज गेली तर चिप आणि राखीव पट्टा यांचे फर्मवेअर एकमेकांशी जुळत नाही आणि मग डिस्क घरी सुधारता येत नाही.

एक पेच इथे खरा आहे. बाकीच्या डिस्क काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकून भलत्या डिस्कवर फर्मवेअर जाणार नाही. पण त्या काढायला मशीन बंद करावे लागते, आणि बंद करून चालू करण्यातच २५६ त एकचा धोका. आमचे मत असे: बॅकअप तपासलेला असेल तर बंद करा, बाकीच्या डिस्क काढा आणि मग अपडेट करा. भलतीवर चढवण्याची चूक माणसाकडून जास्त वेळा होते. बॅकअप नसेल तर डबा उघडायचाच नाही.

सीडी सुरू झाली की सूचनांचा लांब मजकूर येतो. तो वाचून एस्केप दाबला की मॉडेलची यादी दिसते. आपल्या मॉडेलचे अक्षर निवडायचे. प्रोग्राम डिस्क शोधतो, मॉडेल जुळते का पाहतो आणि लिहायला घेतो. लिहिण्याचे काम मिनिटाच्या आत-बाहेर संपते. त्या वेळात कीबोर्डला हात लावू नये. संपल्याचा संदेश आला की मशीन पूर्ण बंद करायचे, नुसते रीस्टार्ट नाही; नवे फर्मवेअर वीज तुटून परत आल्यावरच पूर्णपणे ताबा घेते. पुन्हा चालू केल्यावर थेट बायोसमध्ये शिरा आणि मोड परत होता तसा करा.

हे विसरले तर काय होते? विंडोज एक्सपी किंवा व्हिस्टा एएचसीआयवर बसवलेले असेल आणि बायोस आयडीईवर राहिला असेल, तर विंडोजचा पट्टा अर्धा सरकतो आणि निळा पडदा येतो: स्टॉप ०x००००००७बी. आता माणूस घाबरतो. अपडेटने डिस्क घालवली अशी समजूत होते, दुसऱ्यांदा सीडी चालवली जाते, कोणी विंडोज नव्याने टाकून मोकळा होतो. प्रत्यक्षात डिस्क ठणठणीत असते. विंडोजला सुरू होताना डिस्कशी बोलायचा ड्रायव्हर मिळत नाही, एवढेच. मोड मूळ जागी आणला की मशीन जसेच्या तसे उभे राहते. सुरू न होण्याच्या दुरुस्तीतून सुरू न होण्याचा नवा प्रश्न निर्माण होतो तो बहुतेक इथेच.

आता दुसरी वाट: डिस्क अडकलेली आहे. आधी लक्षणे नीट बघा. बायोसला डिस्क दिसतच नाही, ही एक अवस्था. डिस्क 'मी कामात आहे' असेच सांगत राहते, म्हणून कारागीर तिला बीएसवाय म्हणतात. मॉडेलचे नाव दिसते पण क्षमता ० दाखवते, ही दुसरी. तिला एलबीए शून्य म्हणतात (एलबीए म्हणजे सेक्टरचा पत्ता). दोन्हींत डिस्क फिरते आणि आवाज स्वच्छ असतो. टकटक, किरकिर, किंवा फिरून लगेच थांबणे यांतले काहीही असेल तर हे प्रकरण ते नव्हे. हेड किंवा मोटर गेली आहे. वीज तोडा आणि डेटा महत्त्वाचा असेल तर स्वच्छ खोलीची सोय असलेल्या रिकव्हरीवाल्याकडे द्या. त्या काळात सीगेटने बाधित डिस्कमधला डेटा मोफत काढून देण्याची सोय जाहीर केली होती. ती वाट खुली असताना स्वतः स्क्रू फिरवणे शहाणपणाचे नव्हते, आणि आजही डेटा एकमेव असेल तर तेच म्हणू.

डिस्कशी मागच्या दाराने बोलता येते, ते असे. सॅटा डेटा जोडणीच्या शेजारी चार पिना असतात. बाहेरची जोडी १.५ गिगाबिटच्या जंपरसाठी, सॅटाच्या बाजूची जोडी सिरीयल संवादासाठी. त्याला यूएसबी-टीटीएल अडॅप्टर जोडायचा, ३.३ व्होल्टचा. संगणकाच्या मागच्या जुन्या सिरीयल पोर्टची तार थेट जोडली तर तिथला जास्त व्होल्टेज पीसीबी जाळतो. मधे पातळी बदलणारी चिप लागतेच. अडॅप्टर आणि डिस्क यांचा ग्राउंड एक हवा. तो पॉवर केबलच्या काळ्या तारेवरून घेता येतो. टर्मिनलची मांडणी: ३८,४०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. डिस्क जोडण्याआधी अडॅप्टरच्या पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या तारा एकमेकींना टेकवा आणि काहीतरी टाइप करा. टाइप केलेले पडद्यावर परत आले तर अडॅप्टर ठीक. निम्मे लोक बिघडलेल्या अडॅप्टरशी भांडत डिस्कला दोष देतात.

बीएसवाय अवस्थेतल्या डिस्कला फक्त वीज दिली, डेटा केबल लावली नाही, की टर्मिनलवर 'एलईडी:००००००सीसी' ने सुरू होणारी ओळ पुन्हा पुन्हा उमटते. हा तोच थांबलेला फर्मवेअर. तो नोंदवही वाचायच्या आत त्याला पकडायचे असेल तर मोटर फिरूच द्यायची नाही. वीज तोडा, टॉर्क्स टी६ पेचकसाने पीसीबीचे स्क्रू सैल करा आणि मोटरच्या टोकांवर जाड कागदाचा, व्हिजिटिंग कार्डाचा, तुकडा सरकवा. पुन्हा वीज द्या, कंट्रोल-झेड दाबा. 'एफ३ टी>' आले की डिस्क बोलायला तयार आहे.

पुढे क्रम चुकवायचा नाही. '/२' देऊन दुसऱ्या पातळीवर जा, इंग्रजी मोठ्या लिपीतला 'झेड' द्या. मोटर थांबल्याचा संदेश येतो. आता वीज चालूच ठेवून कार्ड हळूच ओढा आणि स्क्रू घट्ट करा. चुंबकी टोकाचा पेचकस वापरा: सुटलेला टी६ स्क्रू चालू पीसीबीवर पडला तर शॉर्ट होतो. मोठा 'यू' द्या, मोटर वेग घेते आणि काही सेकंदांत तसा संदेश येतो. '/१' देऊन पहिल्या पातळीवर या आणि 'एन१' द्या. यातला 'एन'ही मोठा. हा आदेश स्मार्टच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या, नोंदी पुसतो. वीज तोडा, दहा सेकंद थांबा, पुन्हा द्या, कंट्रोल-झेड दाबा, आणि मूळ पातळीवर 'एम०,२,२,०,०,०,०,२२' हा आदेश द्या. यातला 'एम' इंग्रजी लहान लिपीतला. हा आदेश तबकडीवरच्या जागांचा पत्ता-तक्ता नव्याने बांधतो. शेवटच्या यशाचा संदेश येईपर्यंत हात लावू नका. एखादा आकडा चुकला तर डिस्क खरोखर फॉरमॅट व्हायला लागू शकते. म्हणून हा आदेश आधी साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहा, दोनदा वाचा आणि तिथून चिकटवा. एलबीए शून्य अवस्थेत कार्डाची गरज नसते. कंट्रोल-झेड आणि हा शेवटचा आदेश एवढ्यावर काम होते.

डिस्क दिसू लागली की पहिले काम डेटा उतरवणे, दुसरे काम एसडी१ए चढवणे. उलट क्रम करू नका. जिवंत केलेली डिस्क अजून जुन्याच फर्मवेअरवर आहे, पुढच्या कुठल्याही टप्प्यावर पुन्हा अडकू शकते.

अपडेट कुठे लागू नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. 'एनटीएलडीआर (विंडोज सुरू करणारी फाइल) सापडत नाही', विंडोजचा लोगो येऊन अडकणे, फाइल उघडताना मशीन गोठणे, स्मार्टमध्ये प्रलंबित सेक्टर वाढत जाणे: यांपैकी कशालाही एसडी१ए हे उत्तर नाही. खराब सेक्टर असलेल्या डिस्कवर फर्मवेअर लिहिणे उलट धोक्याचे. लिनक्समधल्या 'एचडीपार्म'ने फर्मवेअर चढवायचे म्हटले तर ते साधन दोन लांबलचक पर्याय टाइप करायला लावते. एकाचा अर्थ 'मी काय करतो ते मला ठाऊक आहे' आणि दुसऱ्याचा 'कृपया माझी डिस्क नष्ट कर'. लिहिणाऱ्यांनी ते गंमत म्हणून घातलेले नाहीत.

मोजणीच्या चुकीमुळे डिस्क बंद पडण्याचा प्रकार ७२००.११ वर संपला नाही. २०१२ च्या सुरुवातीला क्रुशियल एम४ या एसएसडीवर (तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर) ५,१८४ तास भरले की मशीन निळा पडदा दाखवून बंद पडे, आणि मग दर तासाला तेच होई. ०३०९ क्रमांकाच्या फर्मवेअरने ते थांबले. २०१९ मध्ये एचपीईच्या काही सर्व्हर-एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या मरत; तिथे वेळेत अपडेट न केलेल्या डिस्कमधला डेटा परत मिळवायची वाटच नव्हती. एका रेडमधल्या, म्हणजे अनेक डिस्कच्या एकत्र जोडलेल्या संचातल्या, सगळ्या डिस्क एकाच दिवशी चालू केलेल्या असतात, म्हणून त्या एकाच तासाला जातात. ७२००.११ मध्ये निदान नोंदवहीपर्यंत पोचता येत होते.

या मालिकेतल्या डिस्क अजून घराघरांत आहेत: जुन्या डीव्हीआरमध्ये, माळ्यावरच्या डेस्कटॉपमध्ये, कपाटात, फोटो आहेत म्हणून जपून ठेवलेल्या. अशी एखादी सापडली तर 'चालते का बघू' म्हणून जोडू नका. तिचे पहिले चालू करणे हे कॉपीचेच असले पाहिजे: लेबल वाचा, पुरेशी रिकामी जागा असलेली दुसरी डिस्क आधी जोडून ठेवा, यूपीएस लावा, आणि मगच वीज द्या. कॉपी पूर्ण होईपर्यंत मशीन बंद करू नका, झोपूही देऊ नका. विंडोजमधली स्लीपची वेळ 'कधीच नाही' करा.

अपडेट झाल्यावर स्मार्टसीटीएलमध्ये एसडी१ए दिसते का ते पाहा. डिस्कच्या छापील लेबलवर मात्र कायम एसडी१५ च राहते. म्हणून एक छोटी पांढरी पट्टी चिकटवून त्यावर 'एसडी१ए' आणि तारीख लिहा. पट्टी वरच्या लेबलच्या मोकळ्या जागेत लावा. झाकणावर हवेसाठी जे बारीक छिद्र असते ते झाकू नका.